रेडकाला सड कुणी दाखवला?

कृष्णाकाठचा
मंगळवार, रात्री ९:४०

परवा पहाटे तीनला आमची म्हैस व्याली. पलूस तालुक्यात ओढ्याकडेला आमचा गोठा आहे, घरापासून चालत पाच मिनिटं. आईनं संध्याकाळीच सांगितलं होतं, "कास भरलीया, आज काय ऱ्हात न्हाई ती." म्हणून आम्ही दोघं तिथंच पोती टाकून पडलो होतो. रेडी झाली. आई वार पडायची वाट बघत बसली. मला काम नव्हतं, मग मोबाईलच्या उजेडात रेडकाकडं बघत बसलो. पन्नाशी आली, सगळा जन्म गोठ्यात गेला, पण असं निवांत बसून कधी बघितलंच नव्हतं.

रेडकू पाचदा पडलं. मागचे पाय उचलायचं, पुढचे गुडघ्यावर, की तोंडावर आपटायचं. चाळीस मिनिटांनी एकदाचं उभं राहिलं, आणि उभं राहिल्या राहिल्या मान वर करून चोखायला लागलं. काय चोखलं? तर म्हशीच्या पुढच्या पायाची बगल. मग गव्हाणीचा कोपरा. मग बादलीची कड. मग माझ्या पँटीचा गुडघा. जिथं जरा अंधार आणि खोबण दिसेल तिथं नाक खुपसून ढुसण्या. मी त्याला धरून कासेकडं न्यायला उठलो तर आई म्हणाली, "हात लावू नगंस. घावतंय त्येला. पोटातनं शिकून येत्यात समदी."

उभं राहिल्यापासून सड तोंडात यायला सव्वा तास गेला. सड घावला आणि शेपूट नाचायला लागलं. सकाळी सातला परत सोडलं तर सरळ कासेला. अर्धं मिनिटसुद्धा नाही.

आता दुसरी गोष्ट. याच आठवड्यात सांगलीत लेकीची डिलिव्हरी झाली. नातू. पहिले दोन दिवस बाळाला अंगावर पिता येईना. लेक रडकुंडीला, जावईबापू कावरेबावरे. शेवटी वॉर्डातल्या सिस्टरनी येऊन बाळाला कसं धरायचं, मान कुठं, हनुवटी कुठं, सगळं हाताला धरून दाखवलं. तेव्हा मनात आलं, म्हशीचं पोर शिकून येतंय आणि माणसाच्या पोराची शिकवणी लावायला लागते. पण घरी येऊन विचार केला तर वाटलं, रेडकाला तरी कुठं येत होतं? ते तर बादली चोखत होतं!

तर प्रश्न असा, की माणूस जन्माला येताना काही ठाऊक घेऊन येतो, का सगळं इथं येऊन शिकतो? जाणकारांनी सांगावं. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, तेव्हा फार अवघड लिहू नका.

तालमीतला
मंगळवार, रात्री ९:५५

माशाच्या पिलाला पोहायला शिकवावं लागत नाही. विषय संपला. दादा, खरवस कुठाय?

पेवातली हळद
मंगळवार, रात्री १०:०२

ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला. विषय परत चालू.

आपल्या म्हणींनी दोन्ही पक्षांकडून वकीलपत्र घेतलंय. पोरगं हुशार निघालं की 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात', बिघडलं की 'संगत वाईट'. आजवर एकाही आईबापानं 'बिघडलं ते आमच्या रक्तातलंच' असं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

वाईकर
मंगळवार, रात्री ११:२०

दादा, तुमच्या रेडकाचा प्रश्न फार जुना आहे. अक्षरशः दूध पिण्यावरूनच हा वाद आपल्याकडं झालेला आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या गावात वाढल्यानं न्यायशास्त्राचं, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राचं, नाव कानावर पडत राहतं, त्यामुळं थोडं सांगतो. चूक असेल तर शास्त्रीमंडळींनी कान धरावा.

गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, तिसऱ्या अध्यायात, आत्मा देहाबरोबर संपत नाही हे सिद्ध करायचं चाललंय. पुरावा काय दिला? नुकतं जन्मलेलं मूल स्तन्याची इच्छा करतं. इच्छा कशाची होते? जी गोष्ट पूर्वी सुखाची म्हणून अनुभवली तिची. या जन्मात तर अजून एकदाही प्यायलेलं नाही. म्हणजे अनुभव मागच्या जन्मातला.

गंमत पुढं आहे. सूत्रकार स्वतःच प्रतिपक्षाला बोलू देतात. तो म्हणतो, लोखंड चुंबकाकडं ओढलं जातं, ते काय मागच्या जन्मी चुंबकाला भेटून आलेलं असतं? तसंच मूल स्तनाकडं जातं. त्याआधी एक आक्षेप असाही येतो की कमळ आपोआप उमलतं-मिटतं, तसे बाळाचे हर्ष आणि भय. म्हणजे आज ज्याला आपण नुसती प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतो, तो मुद्दा तिथं कमळ आणि चुंबकाच्या रूपानं मांडून झालेला आहे.

नैयायिकाचं उत्तर असं, की लोखंड चुंबकाकडंच जातं, मातीच्या ढेकळाकडं जात नाही. म्हणजे त्या ओढीलाही काही नेमकं कारण आहे. तसं बाळाच्या ओढीलाही नेमकं कारण पाहिजे, आणि ते म्हणजे पूर्वाभ्यास, मागच्या जन्मीचा सराव.

कृष्णाकाठचा
मंगळवार, रात्री ११:४१

वाईकर, दंडवत. पण एक शंका. लोखंड ढेकळाकडं जात नाही म्हणता, आमचं रेडकू गेलं की! बादलीकडं गेलं, गव्हाणीकडं गेलं, माझ्या गुडघ्याकडं गेलं. मागच्या जन्मीची आठवण असती तर म्हशीच्या बगलेत कशाला तोंड घातलं असतं?

वाईकर
मंगळवार, रात्री ११:४८

मागच्या जन्मी डेअरी फार्मवर असणार. बादलीनंच पाजलं असेल. (हलकंच घ्या.)

खरं सांगू? या आक्षेपाला माझ्याकडं उत्तर नाही. सूत्रकारांनी ओढ बघितली, तुम्ही चूक बघितली. चुकीकडं कुणी बघितलेलं माझ्या वाचनात नाही.

वॉर्डातली ताई
बुधवार, सकाळी ६:१५

नाइट संपवून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. नवजात बाळांच्या वॉर्डात अकरा वर्षं झाली.

दादा, नातवाचं अभिनंदन. लेकीला सांगा, दोन दिवस लागणं अगदी नेहमीचं आहे. बाळ काय घेऊन येतं ते सांगते. गालाला बोट लावा, तोंड त्या बाजूला वळतं. तोंडात काही गेलं की चोखतं. तळहातात बोट दिलं की मूठ आवळतं. पण 'चोखणं' आणि 'पिणं' यात फरक आहे. चोखायचं, गिळायचं आणि मधे श्वास घ्यायचा, या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. साधारण ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना तो बसत नाही, म्हणून नळीनं दूध द्यावं लागतं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं नुसतं टोकच तोंडात आलं तर आईला दुखतं, बाळाला मिळत नाही आणि दोघंही रडतात. सिस्टरनी शिकवलं ते बाळापेक्षा तुमच्या लेकीला. पहिलटकरणीला हे येत नसतं. पूर्वी घरात चार बाया पाजताना बघून मुली मोठ्या व्हायच्या. आता स्वतःचं मूल हे हातात घेतलेलं पहिलंच मूल असतं.

आणि तुमच्या आईचं वाक्य मला फार आवडलं. पोटातनं शिकून येतात. ते शब्दशः खरं आहे हो! १९८० साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात निपल दिलं आणि अशी सोय केली की एका लयीत चोखलं तर आईचा आवाज ऐकू येईल, दुसऱ्या लयीत चोखलं तर परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज येईल अशी चोखण्याची लय धरली. आता हे ज्ञान जन्मजात म्हणायचं का शिकलेलं? जन्मताना होतं, म्हणून जन्मजात. पण पोटात ऐकून ऐकून आलेलं, म्हणून शिकलेलं.

२००१ सालचा दुसरा एक प्रयोग आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत काही बायकांना गाजराचा रस प्यायला दिला. पुढं त्यांच्या बाळांना वरचं खाणं सुरू केल्यावर गाजराच्या चवीची पेज इतरांपेक्षा आवडली. २००९ मध्ये तर फ्रेंच आणि जर्मन बाळांचं रडणं मोजलं, जन्मून दोन ते पाच दिवस झालेल्या. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जाणारा, जर्मन बाळांचा उतरत जाणारा. आपापल्या भाषेच्या चालीत रडत होती.

सांगलीची बाळं हेल काढून रडतात का यावर कुणी प्रयोग करणार असेल तर वॉर्ड माझा.

तालमीतला
बुधवार, सकाळी ७:०५

म्हणजे अभिमन्यू खरा!

वॉर्डातली ताई
बुधवार, सकाळी ७:११

अभिमन्यूच्या नावावर गर्भसंस्काराचे किती पैसे घेतात ते एकदा चौकशी करा दादा. पोटात बाळाला आवाजाची चाल कळते, चव कळते. चक्रव्यूह कळत नाही, पाढे कळत नाहीत. झोपते आता.

जवारी
बुधवार, दुपारी १:३०

मिरजेहून. आमच्या घरात सतार-तंबोरा करायचं काम. मी चौथ्या पिढीतला. गिऱ्हाईक दुकानात आलं की ठरलेलं वाक्य असतं, "तुमच्या रक्तातच आहे." मीही मान डोलावतो, धंद्याला बरं असतं.

पण खरं काय आहे ते सांगतो. तंबोऱ्याच्या घोडीला (जिच्यावर तारा टेकतात) वरून अगदी हलका बाक द्यायचा असतो. तार त्या बाकावर घासत राहते आणि झणकार उठतो, तीच जवारी. कानस एक हात जास्त फिरली तर आवाज बसतो, कमी फिरली तर तार नुसती टणटण बोलते. याला माप नाही. हे मी कधी 'शिकलो' ते मला सांगता येत नाही, म्हणून मलाही बरीच वर्षं वाटायचं की रक्तातच असणार.

मग धाकट्या भावाचं बघितलं. तो लहानपणी आजोळी वाढला, पंधराव्या वर्षी घरी आला. आईबाप तेच, रक्त तेच. त्याला जवारी यायला नऊ वर्षं गेली. आणि आमच्याकडं भोपळे उतरवायला येणाऱ्या हमालाचा पोरगा, जो चार वर्षांचा असल्यापासून दुकानात भुश्यात खेळायचा, तो एक दिवस सहज म्हणाला, "काका, ही दुसरी तार बंद बोलतीय." बरोबर होतं त्याचं.

रक्तात नव्हतं. भुश्यात होतं.

तालमीतला
बुधवार, दुपारी १:५२

हे मात्र पटलं. आमच्या वस्तादांचं म्हणणं असं आहे की हाड आईबापाचं, डाव मातीचा. सहा फुटी बापाचं पोर उंच होणार, पण ढाक डाव कुणाच्या पोटातनं येत नाही.

जतचे गुरुजी
बुधवार, रात्री ८:४५

माझी शाळा जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. पहिलीत येणारी निम्मी मुलं घरी कन्नड बोलतात. घरी 'नीरु' मागणारं पोर शाळेत 'पाणी' मागतं, आणि दिवाळीपर्यंत मराठीत चहाड्या सांगायला लागतं. मी काही शिकवत नाही, म्हणजे शिकवतो, पण माझ्या शिकवण्यानं ते होत नाही एवढं कळण्याइतकी नोकरी झालीय माझी.

माझ्या लेकीचं उदाहरण देतो. अडीच वर्षांची असताना म्हणायची, "बाबा, मी चित्र करलं." "आजी जाली." घरात कुणी 'करलं' म्हणत नाही, गल्लीत म्हणत नाही, टीव्हीवर म्हणत नाही. मग कुठून आणलं? बसलं, पडलं, हसलं यांवरून तिनं मनातल्या मनात नियम काढला आणि 'कर'ला लावला. तिची चूक हा नियम सापडल्याचा पुरावा. दादा, तुमच्या रेडकाची बादली आणि माझ्या लेकीचं 'करलं' एकाच जातीचं आहे, असं मला तुमचं लिखाण वाचताना वाटलं.

मानसशास्त्रज्ञ स्किनर म्हणत होता की भाषा म्हणजे सवय, बक्षिसानं पक्की होणारी. १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीनं त्याच्या पुस्तकाचं जे परीक्षण लिहिलं, त्यातून वाद पेटला. मुलाच्या कानावर पडतं ते तुटपुंजं, अर्धवट, तरी चार वर्षांत सगळं व्याकरण येतं. म्हणजे आराखडा आतच असला पाहिजे, असं चॉम्स्कीचं म्हणणं. मी डी.एड.ला असताना हे वाचून भारावलो होतो. पण १९९६ मधला एक प्रयोग वाचला आणि जरा थंड झालो. आठ महिन्यांच्या बाळांना अर्थ नसलेल्या अक्षरांची सलग माळ फक्त दोन मिनिटं ऐकवली. कुठंही विराम नाही, आघात नाही. तेवढ्यात कुठलं अक्षर कुठल्या अक्षरामागून हमखास येतं हे बाळांनी टिपलं, आणि त्यावरून 'शब्द' वेगळे केले. म्हणजे कानावर पडतं ते तुटपुंजं असेल, पण कान तुटपुंजे नाहीत.

आणि आपल्या कामाची खरी गोष्ट आता. १९८४ साली कॅनडात इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतला 'त' आणि 'ट' ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळला. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना कळत नव्हता! दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेक बाळांचा तो फरक गेला. मी हे वाचून दोन दिवस बेचैन होतो. आपण समजतो पाटी कोरी असते आणि आपण भरतो. इथं उलटंच. बाळ जगभरच्या भाषांचे आवाज ओळखायची तयारी घेऊन येतं आणि वर्षभरात घरात न लागणारं गाळून टाकतं.

पेवातली हळद
बुधवार, रात्री ९:३०

गुरुजी, पायाच पडतो. आता माझा प्रयोग ऐका, आजच केलाय.

प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस एका गुलाम पोराला बोलावतो. त्यानं भूमिती शिकलेली नाही. वाळूत चौरस काढून विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायचा तर बाजू किती घ्यायची? नुसते प्रश्न विचारत विचारत त्याच्याकडून बरोबर उत्तर काढून घेतो आणि म्हणतो, बघा, मी काही शिकवलं नाही, त्याला आठवलं! शिकणं म्हणजे आठवणं. आत्म्याला आधीच सगळं ठाऊक असतं. (वाईकर, तुमचे नैयायिक आणि हे ग्रीक एकाच बांधावर भेटतात बघा.)

मी भाच्याला धरलं. सातवीत आहे. हरिपूरला चहाच्या गाड्यामागं मातीत काडीनं चौकोन काढला. म्हटलं, हा एक गुंठा. बाजू किती?

"तेहतीस फूट, मामा." (शेतकऱ्याचं पोर, पाठच असतं.)

"आता मला चौकोनीच पण दोन गुंठे पाहिजेत. बाजू किती?"

"सहासष्ट."

"काढ बरं." काढला, मधे रेघा मारल्या. चार गुंठे झाले. स्वतःच चक्रावला. मग म्हणाला, "तर मधलं काहीतरी. साडेएकोणपन्नास." गुणाकार करायला लावला, सव्वादोन गुंठे आले. प्लेटोतला पोरगाही अगदी याच दोन पायऱ्यांवर घसरतो, आधी दुप्पट आणि मग दीडपट. अडीच हजार वर्षांत चुकीत बदल नाही!

मग मी चारही गुंठ्यांत एकेक तिरकी रेघ मारली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि विचारलं, मधे काय तयार झालं? "तिरका चौकोन." प्रत्येक गुंठ्याचा किती भाग आत आला? "निम्मा." असे किती निम्मे? "चार. म्हणजे दोन गुंठे... आरं तिच्या!" तिरक्या रेघेची लांबी आली सेहेचाळीस फूट आठ इंच.

मी सॉक्रेटिसच्या ऐटीत म्हणालो, "बघ, मी काहीच शिकवलं नाही. तुला आतून आठवलं."

पोरगं म्हणालं, "मामा, तिरकी रेघ तुम्हीच मारली की. मी नुसतं व्हय म्हटलं."

चहावाल्यानं त्याला फुकट क्रीमरोल दिला.

सांगलवाडीची आक्का
गुरुवार, दुपारी ३:१०

माशाच्या पिलावरून आठवलं. आम्ही भावंडं कृष्णेत पोहायला शिकलो ते पाठीला पत्र्याचा डबा बांधून. काकांनी नावेतून ढकललं, मी दोन घोट पाणी प्यायले आणि त्यांना अशी शिवी दिली की घाटावरच्या बायका हसल्या. तर सांगायचं म्हणजे, माणसाच्या पिलाला शिकवावंच लागतं.

पण माझी सून फिजिओथेरपिस्ट आहे, तिनं सांगितलेली एक गोष्ट इथं शोभेल. नवजात बाळाला बगलेत धरून पाय जमिनीला टेकवले की ते चालल्यासारखी पावलं टाकतं. दोन महिन्यांत हे जातं. लोक म्हणायचे, मेंदू वाढला की ती उपजत क्रिया दबते. १९८४ मध्ये एका बाईंनी, एस्थर थेलन त्यांचं नाव, पावलं बंद झालेल्या बाळांना कमरेपर्यंत पाण्यात धरलं. बाळं पुन्हा पावलं टाकायला लागली! मेंदूबिंदू काही नव्हतं, मांड्या गुबगुबीत झाल्यामुळं पाय उचलेनात एवढंच. पाण्यात हलके झाले की उचलले. जे 'गेलं' म्हणत होते ते कुठं गेलंच नव्हतं.

माझ्या नातवाला मी टबात धरून बघितलं. सुनेनं व्हिडिओ काढला आणि मग मला ओरडली.

सातेरी
गुरुवार, रात्री ८:२०

महाबळेश्वरकडचा मधपाळ. माणसांचं मला कळत नाही, माश्यांचं थोडं कळतं.

फुलोरा घावलेली माशी पोळ्यावर येऊन नाचते. आठच्या आकड्यात फिरते आणि मधल्या रेघेवर बूड हलवते. रेघेचा कोन म्हणजे सूर्यापासून दिशा, हलवण्याचा वेळ म्हणजे अंतर. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे उलगडलं, त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. आम्ही सगळे समजून होतो की हे माशीत जन्मतःच असतं, तिला कोण शिकवणार? किड्याची जात.

२०२३ मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी फक्त नव्या, एकाच वयाच्या माश्यांच्या वसाहती केल्या. नाचणारी अनुभवी माशी एकही नाही. वेळ आल्यावर त्या नाचल्या, कुणी न शिकवता. पण वेड्यावाकड्या. पुढं सराव झाल्यावर दिशेच्या चुका सुधारल्या. अंतराच्या मात्र जन्मभर सुधारल्या नाहीत. ज्यांनी आधी थोरल्या माश्यांच्या मागंमागं फिरून नाच बघितला होता, त्या पहिल्यापासून नीट नाचल्या.

सुगरण पक्ष्याच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदांवरही असं काम झालंय. ज्या नर पिलांना लहानपणी हिरव्या पात्या विणून खेळायला मिळाल्या नाहीत, त्यांना पुढं धड घरटं विणता येईना.

तेव्हा 'उपजत' शब्द वापरताना मी आता जरा थांबतो.

नुसता वाचक
गुरुवार, रात्री १०:००

सात वर्षं इथं वाचतोय, पहिला प्रतिसाद. एक राहिलंय ते सांगतो.

इंग्लंडचा तत्त्वज्ञ जॉन लॉक याचं मत की मन म्हणजे कोरा कागद. त्याला १६८८ मध्ये डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूनं पत्रानं विचारलं: जन्मांध माणसाला हातानं चाचपून गोल आणि घन ओळखता येतात. त्याला अचानक दिसायला लागलं, तर नुसतं बघून कुठला गोल आणि कुठला घन हे सांगेल का? मॉलिन्यूची बायको अंध होती. त्याला हा प्रश्न नुसता तर्काचा नसावा. दोघांचंही उत्तर 'नाही' असंच होतं, पण प्रयोग कोण करणार?

तो आपल्याकडं झाला. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले पवन सिन्हा यांनी 'प्रकाश' नावाचा प्रकल्प चालवला. भारतातल्या खेड्यापाड्यांतली जन्मापासून न दिसणारी मुलं, ज्यांची दृष्टी शस्त्रक्रियेनं येऊ शकते, ती शोधायची, उपचार करायचे आणि त्यांच्याकडून शिकायचं. २०११ मध्ये पाच मुलांचे निष्कर्ष छापून आले, वय ८ ते १७. पट्टी सुटल्यावर लगेच, हातानं चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखायला दिली तर मुलं जवळजवळ अंदाजपंचे सांगत होती. लॉक जिंकला म्हणा. पण काही दिवसांतच, कुणी शिकवणी न घेता, ती बरोबर सांगायला लागली. इतक्या झटपट जुळतं म्हटल्यावर कागद अगदीच कोरा कसा म्हणायचा? रेघा आखलेला असावा. अक्षर नाही, पण रेघा आहेत.

वाईकर
गुरुवार, रात्री १०:२५

नुसते वाचक, सात वर्षं कुठं होतात!

कृष्णाकाठचा
शनिवार, रात्री ९:१५

दोन दिवस उसाच्या तोडीत होतो. सगळे प्रतिसाद आज आईला वाचून दाखवले. माश्यांचं ऐकून म्हणाली, "बिनसासवंच्या सुना." गाजराच्या रसाचं ऐकून म्हणाली, "मग तू पोटात असताना मी गवारी खाल्ली, तू का खात न्हाईस?" ताई, उत्तर असल्यास कळवा.

एक सांगायचं राहिलं होतं, खरं म्हणजे मलाच उशिरा दिसलं. त्या रात्री मी मोबाईलवर थोडा व्हिडिओ काढला होता. जवारींचं वाचल्यावर परत लावला. तेव्हा मी नुसता रेडकाच्या तोंडाकडं बघत होतो. आता म्हशीकडं बघितलं. रेडकू बगलेत तोंड घालतंय तेव्हा ती त्याला चाटतेय, पण शेपटीकडून. शेपटीकडून चाटत ढकलते, की रेडकाचं बूड तिच्या तोंडाकडं राहतं आणि तोंड आपोआप तिच्या मागच्या पायांकडं जातं. तीनदा असं केलंय तिनं. आणि शेवटी रेडकू मांडीपाशी आलं तेव्हा तिनं तिकडचा पाय वीतभर मागं घेतला. कास उघडी पडली. मी तिथं चार हातांवर बसून हे बघितलं नव्हतं.

आमची म्हैस चौथ्या वेताची.

काल शेजाऱ्यांची पहिलारू व्याली म्हणून मुद्दाम गेलो. रेडकू तेच करत होतं, ढुसण्या, खोबणी, भिंत. पण म्हैस फिरत होती. रेडकू मागं गेलं की ही तोंड वळवून समोर यायची, कासेला नाक लागलं की लाथ. दीड तासानं शेजाऱ्यानं एक पाय बांधला, मी रेडकाचं तोंड धरून सडाला लावलं. आईला आल्यावर सांगितलं तर म्हणाली, "मग? पहिल्या वेताला आपलीबी अशीच झाडत हुती. तवा मीच लावलं हुतं तोंड."

म्हटलं, मग मला त्या रात्री हात का लावू दिला नाहीस?

म्हणाली, "आता तिला येतंय की."

तालमीतला
शनिवार, रात्री ९:२२

सगळं वाचलं. पण खरवसाचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

कृष्णाकाठचा
शनिवार, रात्री ९:३०

रेडकाचं पोट भरून उरलेल्या चिकाचा एकच डबा झाला, तो लेकीकडं सांगलीला गेला. शेजाऱ्यांच्या पहिलारूचा उद्या काढणार आहेत. सकाळी नऊच्या आत ये, आणि येताना गूळ घेऊन ये.